हंबरचं पथ्य

नाव इथल्या नदीचं, हंबर.
मला मात्र हाक मारताना दर वेळी गोठा आठवतो.
आणि हा तर धड भुंकतही नाही.
तेरा वर्षांचा, पुढचे चार दात पडलेले,
शेजारच्या लेन ब्लँचर्डने शेवटचं हॉस्पिटलला जाताना
किल्ल्यांबरोबर माझ्या हातात दिलेला.

लेन ट्रॉलरवर होता.
त्याच्या घरी बशी एक, खाणारे दोघे:
मासा, चिप्स, माशाचं कातडं,
रविवारी सॉसेजचं टोक.
कसलं लेबल आणि कसलं काय.

मी लेबलांची बाई.
अठ्ठावीस वर्षं ग्रिम्सबीत
लोकांच्या बाटल्यांवर लिहीत आले,
जेवणाआधी, जेवणानंतर, रिकाम्या पोटी नको.
तर चष्मा कपाळावरून नाकावर ओढून
त्या दुकानात वीस मिनिटं उभी.
पिशव्यांवर लांडगे. बर्फ. चंद्र.
मागे मुंगीएवढ्या अक्षरांत:
मांस आणि प्राणिजन्य पदार्थ, पैकी कोंबडी चार टक्के.
उरलेले शहाण्णव कोणाचे?
गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, आमचा तर हेच खातो, मस्त आहे.
एकीवर 'धान्यविरहित', म्हणून दुप्पट किंमत.
धान्याने काय घोडं मारलंय यांचं?
आमच्या आळीतली लाली शिळ्या भाकरीवर
चौदा वर्षं जगली,
पोस्टमनला शेवटपर्यंत पुरून उरली.

मग रक्त तपासलं.
डॉक्टर ॲब्लेट, वयाने माझ्या मुलीएवढी,
त्याच्या कानामागे खाजवत म्हणाली,
मूत्रपिंडं थकलीत.
फॉस्फरस कमी, प्रथिनं मोजून, मीठ नाही.
मासा बंद.
आणि एक डबा दिला, पांढरा, लांडग्याशिवायचा.
या लेबलवर मात्र सगळं होतं,
दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत.
मला फार बरं वाटलं.

हंबरने वास घेतला.
मान फिरवली.
कुंपणापलीकडे लेनच्या दाराकडे तोंड करून बसला.
कोमट करून दिलं. हाताने भरवलं.
जिभेवर ठेवलेलं त्याने शांतपणे
माझ्या चपलेवर ठेवलं.
असे तीन दिवस.

तात्यांचंही हेच दुखणं होतं.
मी इथून फोनवर पथ्य सांगायचे:
बटाटा दोनदा उकडा, पाणी ओतून द्या,
टोमॅटो नको, लोण्च्याचं तर नावच नको.
वहिनी वहीत लिहून घ्यायची.
दर महिन्याला रिपोर्ट यायचे,
मी आकड्यांखाली हिरव्या पेनने रेघ मारायचे.
शेवटच्या महिन्यातसुद्धा आकडे बरे होते.
तेराव्यानंतर वहिनी बोलता बोलता म्हणाली,
बरणीचं झाकण तेवढं मागायचे हो,
ताटाशेजारी ठेवायचे,
वास घेऊन जेवायचे.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरला फोन केला.
ती म्हणाली, जे खाल्लंच नाही
ते कितीही चांगलं असलं तरी उपयोग काय?
थोडं मिसळून बघा. थोडंच.
थोडं म्हणजे किती, मी विचारलं.
पलीकडे ती हसली असावी.

गोदीजवळच्या दुकानातून हॅडॉकचा तुकडा आणला.
मीठ न घालता उकडला, पाणी ओतून दिलं.
डब्यातलं तीन भाग, मासा एक भाग,
स्वयंपाकघरातल्या काट्यावर, पंचवीस ग्रॅम.
त्याने आधी मासा वेचला,
मग बाकीचं, मग बशी चाटत चाटत
फ्रिजपर्यंत ढकलत नेली.
काल पहिल्यांदाच भुंकला, लांबलचक,
पोस्टमनवर.

आता मीही वही केलीय.
तारीख, वजन, पाणी किती प्यायला.
फक्त सकाळी काटा पंचवीसवर येतो
आणि कातड्याचा एक तुकडा बोटाला चिकटून असतो,
ओला, चंदेरी.
तो वर बघतो.
एकतीस.
वहीत पंचवीस लिहिते.