चाळणीखालचं

खडस अंडी घालते तेव्हा आवाज होत नाही.
सुबरावकाका म्हणतात, होतो.
कुंभीच्या काठाला पहाटे कान देऊन बसलं की
गोटे एकमेकांना हळूच विचारतात, जागा हाय काय?

मी मोजमापाची माणूस.
कळ्याच्या वरच्या अंगाला, कमरेइतक्या पाण्यात
पत्र्याचा डबा रोवून तळ खरवडते,
घरी आणून वाळवते, चाळते.
वरच्या चाळणीत गोटे, मग खडी,
मग जोंधळ्याएवढी वाळू,
आणि सगळ्यात खाली, ताटलीत,
बोटाला लागून राहतं ते.
गालाला लावलं तर पावडर वाटेल.
त्याचंच वजन करायचं असतं.

अंडं लिंबाच्या रंगाचं, साबुदाण्याएवढं.
गोट्यांच्या फटीत पडतं नि तिथंच राहतं,
तीन-चार दिवस.
त्याला अजून कल्ले नाहीत.
अंगावरून सरकणारं पाणी हाच श्वास.
फट बुजली की पाणी थांबतं.
पाण्यात राहून पाण्यावाचून गुदमरणं
आईला समजावून सांगायला गेले
तर ती म्हणाली, आधी जेव.

भाद्रपदात जाळीच्या दोन डब्या पुरल्या.
प्रत्येकीत शंभर अंडी, पिसानं उचलून मोजलेली.
एक वर, देवराईच्या डोहाखाली.
दुसरी दीड कोस खाली, वळणाच्या पुढं.

चौथ्या दिवशी काका सोबत आले, धोतर खोचून.
वरच्या डबीत एकसष्ट शेपट्या,
पापणीच्या केसाएवढ्या, वळवळत.
खालची उचलली तर जड.
आत राखाडी लाडू,
त्यात रुतलेली पांढरी अंडी,
काहींवर कापसासारखी बुरशी.
शंभर मोजली. पुन्हा मोजली.

काकांनी गोळा तळहातावर घेतला,
अंगठ्यानं चुरला, वास घेतला.
"ही नदीची माती न्हवं.
डोंगराची हाय. तांबूस बघ की जरा.
धुऊन काढलेली."
मग बराच वेळ काही नाही.
त्यांच्या गुडघ्यांशी पाणी फाटून पुन्हा जुळत होतं.

"मोटर मीच चालू करतो रातीची."

वळणाअलीकडं, उसाआड,
डंपर माती आणून टाकतात, पाण्याचा झोत मारतात.
चाळणीवर उरते ती वाळू,
ती ट्रॉलीनं कोल्हापुरात जाते, स्लॅबला.
चाळणीखालचं नदीत.
दोन वर्षं. रात्रीचे साडेतीनशे.
माझी एमएस्सीची फी.
हा पितळी चाळण्यांचा संचसुद्धा,
सात नगांचा, शाहूपुरीतून घासाघीस करून घेतलेला.

मी वहीत लिहिलं, तारीख, पाण्याचं तापमान,
खालची डबी : शून्य.
'कारण' या रकान्यात पेन टेकवला,
तिथं शाईचा ठिपका फुगत गेला.

काका डबी धूत होते,
जाळीच्या एकेका भोकात करंगळीचं नख फिरवून,
तान्ह्याचं नाक साफ करावं तसं.
"परत पुरायची?"
"पुरायची."
"कुठं?"
"हितंच की. न्हाईतर कळणार कसं?"

रात्री नऊ ही मोटरची वेळ.
साडेनऊ झाले.
काका कट्ट्यावर बसून होते,
बॅटरी मांडीवर, चप्पल पायातच.