पाचाचा पाढा

निळ्या ट्रेवर गोळ्या ओतायच्या,
बोथट सुरीने पाच-पाच अलीकडे ओढायच्या,
ओठ न हलवता.
पाच एके पाच, पाच दुणे दहा.
बकहॉर्न क्रीकच्या एकुलत्या एका औषधाच्या दुकानात
एकवीस वर्षं मी हेच केलं.

पहिली बाटली डेलमर स्टिल्टनरची.
खाणीच्या छतातला फळीएवढा दगड
त्याच्या पाठीवर उतरला होता.
डॉक्टर म्हणाले, दुखणं आता कुणी सोसायचं नसतं.
आमच्या डोंगरात तोवर
सोसणं हीच माणसाची पत होती.

मग आला तो कंपनीचा पोरगा,
दात एकसारखे, हातात डोनटचं खोकं,
पेनं, घड्याळ, एक गुळगुळीत कागद:
शंभरात एकालाही सवय लागत नाही.
मी तो कागद काउंटरच्या काचेखाली सरकवला.
छापलेलं होतं ना.

पाच त्रिक पंधरा.
जुन्या चपलांच्या दुकानात नवा दवाखाना निघाला.
तपासायला टेबल नव्हतं,
नोटा मोजायचं यंत्र होतं.
गावात माणसं चारशे नऊ;
आमच्या दाराशी रांग, गाड्या ओहायोच्या, केंटकीच्या,
मागच्या सीटवर झोपलेली पोरं.
मी मोजत राहिले. माझा पगार वाढला.
हेही लिहून ठेवा.

एकदा नळ फुटला म्हणून जमीन उखडली,
तर खाली बाटल्या. काचेतच कोरलेलं:
बाळाला शांत झोप.
तळाशी अफूचा तपकिरी थर, वाळून चिकटलेला.
मालक क्विलनसाहेब म्हणाले,
माझ्या पणजोबाला यादवी युद्धात पायाच्या बदल्यात सुई मिळाली,
पेन्शन त्यानंतर बारा वर्षांनी.
मग खोकल्याचं एक औषध आलं, सुईपेक्षा निर्धोक म्हणून.
त्याचं नाव हेरॉइन.
बाटल्या त्यांनी पुसून खिडकीत मांडल्या.
शोभेला.

पाच चोक वीस.
पोलिसांनी दवाखान्याला टाळं ठोकलं
त्या आठवड्यात डेलमरची ट्वायला
काउंटरवर दोन्ही तळवे टेकून उभी होती,
थंडीत घामाने निथळत.
लहानपणी इथेच बसून ती गृहपाठ करायची,
विचारायची, व्हर्ना, पाचच का?
मी म्हणायचे, हाताला बोटं पाच म्हणून.
त्या दिवशी तिने काही विचारलं नाही.
पुढे फुग्यात बांधलेली पूड आली,
पुढे मिठाच्या दोन कणांएवढं काहीतरी,
आणि ट्वायला पेट्रोल पंपाच्या संडासात सापडली,
एका पायात बूट.

वकील आले. किती गोळ्या मोजल्या असतील, बाई?
मी म्हटलं, पाच.
ते थांबले. मी पुन्हा म्हटलं, पाच.

खटल्याच्या पैशातून ग्रंथालयात एक कपाट आलंय,
नाकात मारायचे फवारे, फुकट.
मंगळवारी मी पिशव्या भरते. एकेकीत दोन.
हात अजून पाचासाठी पसरतो.

डेलमर येतो, दोन नेतो, ट्रकमध्ये ठेवतो,
कुणाला लागले तर.
उशी टेकवून वाकडा बसतो.
पाठ? मी विचारते.
तो म्हणतो, दुखतेय.