अकरा सेकंद

आमच्याकडे डिसेंबर सुरू होतो
सप्टेंबरात, तळघरात.
वर मी टोमॅटो बरण्यांत भरत असते
आणि जिन्यातून चढत येतो
वितळत्या कथलाचा वास.

एकतीस वर्षं हा माणूस
आयोवाच्या बर्फवादळांत खांबांवर चढला,
तुटल्या तारा जोडून
लोकांच्या स्वयंपाकघरांत उजेड पोचवला.
आता निवृत्त झालाय
तर स्वतःच्याच छपराला सोडत नाही.

चार हजार दोनशे दिवे.
प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला पत्ता,
जणू टपाल यायचंय त्यांना.
पन्हळीला, खिडक्यांना,
मेपलच्या उघड्या फांद्यांना
पट्ट्यांनी आवळत तो सरकतो,
शिडी मी धरते.
मक्याची कापणी झालेल्या शेतापलीकडून
कुणाचं तरी यंत्र अंधारात घरी निघालेलं दिसतं.
"खाली बघू नकोस," मी म्हणते.
खांबावर त्याला हे कुणी सांगितलं नसेल.

रात्री संगणकापुढे व्हर्लिन
एका सेकंदाचे चाळीस तुकडे करतो
आणि प्रत्येक तुकड्याला विचारतो
कोण पेटणार, कोण विझणार.
जेवताना मटार बाजूला सारत सांगतो,
"आज अकरा सेकंद झाले."
तेवढ्या वेळात मी बारा डझन बिस्किटं
भाजून डब्यात भरलेली असतात.
पण बोलत नाही.
"संगीत कुठलं?"
"आहे एक."
आमच्या गावात पुरुषानं एवढं बोलणं म्हणजे भाषण.

मी सत्तावीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवला.
मग पेरं सुजली, बोटं वळेनात,
आणि माझ्या बाकावर फेनेमांची नात बसली.
छान वाजवते.
मी मागच्या रांगेतून तिच्या चुका शोधते,
सापडत नाहीत.

नोव्हेंबरात पहिल्यांदा सगळं पेटवून बघितलं.
दारापाशी पांढरा पांढराच होता,
पण गॅरेजच्या टोकाला जाईतो
थकून गुलाबी पडलेला.
"लांबच्या तारेत दाब उतरतो," तो म्हणाला,
"मधेच कुठेतरी
नव्यानं वीज द्यावी लागते."
तारेबद्दलच बोलत होता.

आणि मग तो शनिवार.
उणे नऊ. रस्त्यावर आठ-दहा गाड्या,
हेडलाइट मालवून, काचांवर वाफ धरून.
त्यानं मला पिकअपमध्ये बसवलं,
मांडीवर घोंगडी टाकली,
रेडिओचा काटा सत्त्याऐंशी पॉइंट नऊवर नेला.

आधी खरखर.
मग रिकाम्या चर्चमध्ये खोकणारा हीटर.
पान उलटल्याचा आवाज,
आणि दारापासून गॅरेजपर्यंत
उजेडाची एक पट्टी पानासारखी उलटली.

मी ओळखलं.
कुठल्याशा गुरुवारची तालीम,
तो फ्यूज बदलायला आला होता बहुतेक,
खिशात टेपरेकॉर्डर कशाला होता, देव जाणे.
माझा उजवा हात खिडक्यांवरून धावत होता,
डावा पायऱ्यांवरून,
आणि खालचे जाड सूर, जे मी पायांनी वाजवायची,
बर्फाखालून निळे उमटत होते.

तिसऱ्या कडव्यात मी चुकले होते.
ते यायच्या आत मला आठवलं,
घोंगडीखाली बोटं आखडली.
आलं.
सगळं घर काळं झालं
आणि धुराड्यावर एकच दिवा
पिवळा, वाकडा, एकटाच
पेटला,
पुन्हा अंधार,
मग चूक सुधारून पुढे गेलेली मी,
आणि माझ्यामागे चार हजार दोनशे.

मागच्या गाडीतलं कुणाचं तरी पोर
हॉर्नवर बसलं.
व्हर्लिननं उगाचच वायपर फिरवला.
काचेवर काही नव्हतं.

दहा वाजता शेजाऱ्यांना दिलेल्या शब्दाप्रमाणे
त्यानं सगळं बंद केलं.
घरात येऊन मी विचारलं,
"ती चूक कापता आली असती ना?"
"कापायला एक मिनिट," तो म्हणाला.
"ठेवायला दोन रात्री लागल्या."
आणि बुटांच्या गाठी सोडत बसला,
त्या गोठल्या होत्या.