पंच्याण्णव

केकचं सगळं येत होतं मला.
बुलावायोच्या या टोकाला, लुवेवेत,
वीज रात्री अकराला येते, पहाटे चारला जाते.
तेवढ्यात तीन थर कसे भाजून काढायचे,
कुठलं अंडं ताजं, कुठलं बाजारात उन्हात शेकलेलं,
झोपेतसुद्धा सांगितलं असतं.
आकडा तेवढा सांगता येत नव्हता.

कुणी विचारलं, केवढ्याला?
की आवाज पायरीवरून घसरायचा.
ऐंशी, म्हणायचे,
आणि समोरचीने श्वास घ्यायच्या आत: सत्तर.
बरं, तुम्ही आपल्याच चर्चच्या, साठ द्या.
घासाघीस दोन्ही बाजूंनी मीच करायचे.
ती बिचारी नुसती उभी असायची.

मे महिन्यात तीन रात्री वीज आलीच नाही.
मिसेस झोंडोंच्या मुलीचं लग्न, चार थर,
साखरेची एकशेदहा फुलं, एकेक पाकळी चिमटीत धरून.
उसनं सिलिंडर आणलं. केक पोचवला.
साठ घेतले, वर आभारही मीच मानले.

परतताना कोंबीत कंडक्टरकडे सुट्टे नव्हते.
माझे अर्धा आणि शेजारणीचा अर्धा
मिळून त्याने एकच नोट माझ्या हातात कोंबली:
उतरल्यावर वाटून घ्या.
मग आम्ही दोघी अनोळखी बायका
भर रस्त्यात, टोमॅटोवालीच्या टोपलीशी,
त्या डॉलरची दोन्ही टोकं धरून उभ्या.
ती सोडेना. मीही सोडेना.
टोमॅटोवाली हसायला लागली.
आणि मला एकदम दिसली
हीच बाई, स्वतःच्या उंबऱ्यात,
वीस-वीस डॉलर सोडून देणारी. हसत हसत.

त्या रात्री म्थाबिसीच्या गणिताच्या वहीचं
शेवटचं पान मागून घेतलं.
अंडी, पीठ, लोणी, गॅस, खोका, कोंबी.
माझे तास लिहायला हात वळेना, ते राहूच दिले.
तरी बेरीज एकसष्ट.
पुन्हा केली. एकसष्टच.
म्हणजे तीन रात्री राबून
वर एक डॉलर माझाच गेला.
झोंडोंच्या मांडवात माझाही आहेर होता तर,
यादीत नाव तेवढं नव्हतं.

मुलगा म्हणाला, मी गिऱ्हाईक होतो.
आवाज जाड केला, कमरेवर हात:
दुकानात पंधराला मिळतो की!
मी म्हटलं, हो, पण माझा जरा,
म्हणजे लोणी खरं असतं ना, आणि
तो थांबला. खेळ मोडून विचारलं,
आई, तू माझी माफी का मागतेयस?

पुढच्या शनिवारी माखुपे आल्या.
नवरा रेल्वेतून निवृत्त होतोय,
वर इंजिन हवं, निळं, खरंखुरं धुराडं असलेलं.
पंच्याण्णव, मी म्हटलं.

आणि मग काहीच म्हटलं नाही.

बादलीत नळ ठिबकत होता.
पलीकडे कुणीतरी ट्रेलर धूत होतं.
जीभ दातांमागे बांधून ठेवलेली,
नव्वद, नव्वद करत हिसके देणारी.
माखुपेंनी पर्सची चेन उघडली, मिटली.
माझ्या हातांकडे पाहिलं,
कोपरावरच्या भाजल्याच्या जुन्या डागाकडे,
की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.
खोका त्यातच धरलाय ना? म्हणाल्या.

खोक्याचे तीन वेगळे, मी म्हटलं.
हे ठरवलेलं नव्हतं.
तोंडातून निघालं आणि मी स्वतःच चपापले.

सगळ्याच माखुपे नसतात.
मंगळवारी एक बाई आली, दर ऐकला,
काही न बोलता वळली.
फाटकापर्यंत तिची पाठ पाहत राहिले.
हाक ओठांशी आली होती: अहो, ऐका तर.
गिळली. घशात बराच वेळ टोचत होती.

रात्री अकराला दिवे आले असतील.
फ्रिज घरघरला असेल, ओव्हनचा काटा थरथरला असेल.
मला माहीत नाही.
मी झोपले होते.