जमेची बाजू

मिरजेहून दवाखाना करून येताना
बसच्या पाटीवर वाचलं : गली.
कंडक्टरला विचारलं, कुठली गली?
'बसा की आण्णा, सांगलीच हाय ही.'

'सां' कुठं उतरला, कुणी सांगेना.

मग माधवनगर नुसतं नगर,
विश्रामबाग नुसतीच बाग.
स्वतःचं नाव लिहून बघितलं. हात चुकला नाही म्हणे.
जिनगोंडा.
वाचलं तर हातात गोंडा,
टोपी गायब.

डॉक्टर म्हणतात, डोळे उत्तम.
गुठळी मागं झाली, मेंदूच्या उजव्या कुशीत.
डावीकडचं जग तिथं राहायला होतं,
हे मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं.
आणि अंधार म्हणाल तर अंधारही नाही.
तिकडं काही आहे, असंच वाटत नाही.

एक्केचाळीस वर्षं हळदीच्या अडतीत खतावणी लिहिली.
डावीकडं जमा, उजवीकडं नावे.
परवा जुनी वही उघडली :
पानामागून पान नुसतं नावे, नावे, नावे.
भेटायला येणारे सांगतात,
आण्णा, जमेची बाजू बघा.
तीच तर.

हरिपुरात पेवं असायची, जमिनीत, हळदीची.
तोंड लिंपलं की वरून काही कळायचं नाही,
बैलगाडी जायची वरनं.
तशी कुठं तरी लिंपून ठेवली असतील
माझी आद्याक्षरं.

रेश्मा मुल्ला नावाची पोर शिकवायला येते.
पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवते.
'लाल दिसेपर्यंत मान वळवायची, काका. मगच वाचायचं.'
हसलो. अगं, आमच्या वहीला
जन्मतःच लाल समास असतो.
पण वळवली. दुखली. वळवली.
चार ओळींना अर्धा तास,
त्यात एक ओळ दोनदा.

दुपारी म्हटलं, भाकरी वाढ.
राजाक्कानं वाढली नाही,
ताट धरून अर्धं फिरवलं फक्त.
अर्धी भाकरी, सगळी चटणी, दोडक्याची भाजी
मुकाट समोर आली.

ती पहिल्यापासून माझ्या डाव्या अंगाला बसते.
आता बांगड्या वाजतात, शेंगा सोलल्याचा आवाज येतो,
बाई नसते.
संध्याकाळी पट्टी नव्हती, वही नव्हती,
तरी मान वळवत गेलो,
खुर्चीचा हात, पदराचा काठ, कान,
लाल दिसेपर्यंत.
कुंकू जरा फिसकटलेलं होतं.

'काय बघालाय असं?'

वाचालोय, म्हटलं.