संपर्क तुटला

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात कपाट आवरताना
माझ्याच शोधनिबंधाचा तक्ता सापडला.
गालाचे कर्करोग, एकशे बारा.
जिवंत इतके, मृत इतके,
आणि शेवटच्या रकान्यात एकोणतीस:
संपर्क तुटला.
परदेशात वाचला होता मी तो. टाळ्या पडल्या होत्या.

नागभीडच्या पुढं डांबर संपतं.
बोडीच्या पाळीवर जाळं सांधत बसलेला दसरू नान्हे,
क्रमांक एक्केचाळीस.
अर्धा जबडा मी काढलेला,
छातीचं मांस वर ओढून आतून गाल शिवलेला.
सात तास. मागं विद्यार्थी स्टुलांवर चढून बघत होते.

"मी तं इथंच होतो जी,"
शब्द त्याच्या एका बाजूनं गळत होते,
"तुमीच नाई आल्या."

मग तोंड उघडलं, दोन बोटं मावतील एवढंच.
गालाच्या आत छातीचे केस उगवलेले,
आता पांढरे.
पोरगी कात्रीनं कापते म्हणे, महिन्याच्या महिन्याला,
उन्हात बसवून.
वीस वर्षं शिकवलं मी हे ऑपरेशन.
कात्रीचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पळसाच्या पानात मासे बांधून दिले त्यानं.
किती झाले विचारलं तर हसला,
म्हणजे डावी बाजू हसली.

गाडीपाशी त्याचा नातू,
पन्नीत खर्रा घोटत उभा.
मला पाहून मूठ मिटली.
चौदाचा असेल, नसेल.
मासे बॉनेटवर ठेवले,
पर्समधला टॉर्च काढला.
आ कर, म्हटलं.