सावलीचा सातबारा

टेंभुर्णे सरांनी आयुष्यात एक इमारत बांधली नाही.
सायकल स्टँडचं छप्परसुद्धा नाही, असं स्टाफरूममध्ये म्हणत,
कूलरपुढं खुर्च्या ओढून.

मे महिन्यात भर दुपारी
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, हातात खडू,
सर आम्हाला सीताबर्डीवर न्यायचे.
"भिंत कोणी बांधली ते काहून विचारता?
पडते कुठं, ते लिहा."
आम्ही हसायचो. भिंत तर उभी होती.

इतवारीतून आणलेल्या लाल वहीत रकाने:
भोगवटादार – कडुनिंब, वय साठेक.
कूळ – दौलत, चपला शिवतो, एक ते तीन.
क्षेत्र – सात पावलं, सरकतं.
पीक – एक झोप.
मेअखेरीस अशी एक दुपार येते
की खांबालाही सावली उरत नाही.
त्या पानावर फक्त: आकार माफ.

विद्यापीठाला हा सिद्धांत वाटला नाही.
सर गेले तेव्हा त्यांचं कपाट रिकामं करायला
शिपायाला दोन फेऱ्या लागल्या.
मला एक वही मिळाली, रद्दीवाल्याकडून,
वजनापेक्षा जास्त देऊन.

मी नगररचनेत आहे. नकाशे माझ्या टेबलावरून जातात.
चटई क्षेत्र, सामासिक अंतर, वाहनतळ.
सावलीचा रकाना आमच्या फॉर्मात नाही.

काल रात्री पान उलटलं. गट सत्तावीस,
जुन्या छापखान्याची भिंत, पूर्व बाजू.
इतर हक्क –
'कु. वत्सला उराडे. बसची वाट पाहते. छत्री नाही.
रोज एक चाळीस. चार मिनिटं.'

मला ठाऊकच नव्हतं
माझ्या नावावर काही आहे.

ती भिंत पाडायची परवानगी
दोन वर्षांपूर्वी दिली. सही माझी, तारखेसकट.
आता तिथं काच आहे, निळी, पाच मजले.
ऊन तिच्यावर आपटतं, रस्ता ओलांडतं
आणि टरबूजवाल्याच्या गाड्यावर चढतं.
तो गाडा सरकवतो, थांबतो, पुन्हा वीतभर सरकवतो.
कसं कळतं, विचारलं.
"पाय भाजून राह्यले न बाई."

हे कोणत्या रकान्यात घालू?
वहीच्या शेवटी थोडी जागा आहे.
पेन्सिलनं लिहिलं: फेरफार.
गट सत्तावीस. तारीख आजची. कारण –

कारणापाशी टोक टेकवून उभी आहे.
एक चाळीस होऊन गेले.
छत्री आजही नाही.